टळलेला हल्ला

संघमित्रा तायडेच्या डाव्या कानाचा पडदा सहा वर्षांपूर्वी फाटला, तो धामणगडच्या सरकारी रुग्णालयातच, भर दुपारी. एका पेशंटच्या मेव्हण्याला एक्स-रे कुठं काढतात ते विचारायचं होतं. ती तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईची शीर शोधत होती. सुई हातात असताना मान वळवता येत नाही, म्हणून ती तशीच पाठमोरी म्हणाली, दोन मिनिटं थांबा. मेव्हणा थांबला नाही. थप्पड बसल्यावर तिला आधी कुकरच्या शिटीसारखा आवाज आला आणि मग त्या बाजूने काहीच यायचं बंद झालं. मेव्हण्याने माफीनामा लिहून दिला, कार्यालयाने तो फाइलला लावला आणि चौथ्या दिवशी संघमित्रा ड्युटीवर हजर झाली.

त्यामुळे 'सावध' नावाचं यंत्र बाजारात आलं, तेव्हा ते आपल्या रुग्णालयात यावं म्हणून सगळ्यांत जास्त धडपड तिनेच केली. परिचारिकांच्या संघटनेतर्फे ती मुंबईला मंत्रालयातल्या समितीपुढे जाऊन आली. कानामागचं श्रवणयंत्र काढून तिने टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, की गेल्या वर्षी आमच्याकडे एकतीस जणींनी मार खाल्ला, आणि प्रत्येक वेळी आम्हाला तो बसल्यावरच कळला. आधी कळलं असतं तर आम्ही बाजूला झालो असतो.

'सावध' नेमकं तेच करत होतं. माणूस हात उचलायच्या आधी त्याचं शरीर तयारी करतं. स्नायू आवळले जातात, नाडी वाढते, आणि रक्तातला आयसोप्रीन नावाचा एक वायू श्वासावाटे जास्त प्रमाणात बाहेर पडू लागतो. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे नाकाचा शेंडा अर्धा-एक अंशाने गार होतो. आवाजाची पट्टी चढते. माणसाच्या डोळ्याला, कानाला यातलं थोडंच कळतं. प्रत्येक खाटेवर छताला लावलेली वाटीएवढी पांढरी डबी मात्र हवा हुंगत होती, तापमान पाहत होती, आवाज ऐकत होती, आणि या सगळ्याचा मिळून एक आकडा काढत होती. आकडा ऐंशीच्या वर गेला की त्या वॉर्डातल्या सगळ्या नर्सेसच्या मनगटावरचा पट्टा थरथरायचा आणि लाल व्हायचा. तिथून पहिला फटका बसेपर्यंत सरासरी नव्वद सेकंद मिळायचे. तेवढ्या वेळात नर्सेसनी वॉर्डाच्या टोकाला बांधलेल्या काचेच्या खोलीत जायचं. दार आपोआप बंद व्हायचं आणि दहा मिनिटं उघडायचं नाही.

यंत्र बसवायला आलेल्या अभियंता मुलीने दोन दिवस प्रशिक्षण दिलं. संघमित्राने तिला विचारलं होतं, की घाबरलेला माणूस आणि चिडलेला माणूस यातला फरक याला कळतो का. मुलगी प्रामाणिक होती. ती म्हणाली, "शरीराच्या पातळीवर तो फरक फार थोडा असतो, मॅडम. पण तुम्ही सुरक्षित राहाल."

आणि तसंच झालं. पहिल्या वर्षात हल्ले एकतीसवरून चारवर आले. अधीक्षक डॉ. सरनाईक यांचा सत्कार झाला. प्रत्येक मजल्यावरचे दोन-दोन सुरक्षारक्षक आता नकोत, असं ठरून ते कमी करण्यात आले. एक परिपत्रकही निघालं: लाल सूचना मिळाल्यावर तीस सेकंदांच्या आत कर्मचाऱ्याने खाट सोडावी. जो सोडणार नाही, तो स्वतःच्या जबाबदारीवर थांबला असं मानण्यात येईल. त्याखाली सगळ्याजणींनी सह्या केल्या. संघमित्राची सही पहिली होती.

मारुतराव शेवाळे वारले ते त्यानंतर दोन महिन्यांनी.

अर्धांगवायूचा पेशंट, सत्तरीचा. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली. त्या नळीत कफ साचला की तो यंत्राने ओढून काढावा लागतो, नाहीतर श्वास अडकतो. मुलगा उशाशी बसलेला असायचा. त्या सकाळी वडिलांच्या छातीत घरघर वाढली, तसा तो दोनदा बोलवायला आला. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढला. संघमित्रा कफ ओढायची नळी घेऊन निघालीच होती, एवढ्यात पट्टा लाल झाला. ती थबकली. मुलगा धिप्पाड होता. तिचा उजवा कान तेवढा शाबूत होता. ती वळली आणि काचेच्या खोलीत गेली.

आतून तिला सगळं दिसत होतं. मुलगा काचेवर हात आपटत होता, मग खाटेकडे धावत होता, मग परत येत होता. पाचव्या मिनिटाला तो आपटायचा थांबला. खाटेच्या कडेला जमिनीवर बसला आणि त्याने वडिलांचा लोंबकळणारा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. त्याने कुणाला बोटही लावलं नाही. नंतरही नाही.

संध्याकाळी यंत्राचा अहवाल आला. त्यात त्या घटनेपुढे लिहिलं होतं: हल्ला टळला.

संघमित्राने तो अहवाल घेऊन इनचार्ज सिस्टर मंदाकिनी हिवाळे यांना गाठलं. हल्ला होणारच होता हे कशावरून, असं तिने विचारलं. आपण पळालो म्हणून तो टळला, की तो होणारच नव्हता? हिवाळेबाईंची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, की तू नियमाप्रमाणे वागलीस आणि म्हणून तुझ्यावर काही आलेलं नाही, तेवढं पुरे समज. पण त्या दिवसापासून संघमित्रा रोजचे अहवाल वाचू लागली. जो पेशंट जास्त सिरियस, त्याचे नातेवाईक जास्त घाबरलेले, त्यांचा आकडा जास्त वर. म्हणजे नर्सेस सगळ्यांत जास्त वेळा ज्या खाटा सोडून जात होत्या, त्या नेमक्या मरणाच्या दारातल्या होत्या. आणि नर्स गेली की मार खायला खाटेपाशी कुणी उरतच नव्हतं, म्हणून प्रत्येक वेळी यंत्र बरोबरच ठरत होतं.

तिने हे डॉ. सरनाईकांना सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या. तिने लेखी दिलं. त्याचं पुढे काही झालं नाही.

वेदिका लहाने नावाची नऊ वर्षांची मुलगी आली ती एका गुरुवारी सकाळी. जमिनीवर झोपलेली असताना तिला मण्यार चावली होती. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही, त्यामुळे घरच्यांना पहाटे तिचं पोट दुखू लागलं तेव्हाही काही कळलं नाही. पापण्या मिटायला लागल्या, तेव्हा बाप, सोपान, तिला मालवाहू टेम्पोत घालून घेऊन आला. अंथरुणाखाली सापडलेला साप मारून डब्यात आणला होता. सर्पदंशाची लस लगेच सुरू झाली, पण विष तोवर स्नायूंपर्यंत पोचलं होतं. अकरा वाजता तिचा श्वास थांबला. डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि व्हेंटिलेटर आणायला ते स्वतः दुसऱ्या इमारतीत धावले, कारण इथले तिन्ही गुंतलेले होते. तोवर नळीला जोडलेला रबरी फुगा हाताने दाबत राहायचा होता. दर तीन सेकंदांनी एकदा. तो श्वास थांबला की मुलगी संपली.

फुगा संघमित्राच्या हातात होता. चुकू नये म्हणून ती मोठ्याने मोजत होती. एक, दोन, दाब. एक, दोन, दाब.

अल्फिया शेख शेजारी औषधं भरत होती. अल्फिया तिच्याहून दहा वर्षांनी लहान. नोकरीला लागली तेव्हा संघमित्रानेच तिला शिरा शोधायला शिकवलं होतं. ती तिला ताई म्हणायची, ईदला डबा आणायची. दोघींचे पट्टे एकदमच थरथरले.

"ताई, चल," अल्फिया म्हणाली.

"एक, दोन, दाब. तू जा. डॉक्टरांना फोन लाव. एक, दोन, दाब."

अल्फिया क्षणभर थांबली. मग ती गेली, आणि तिच्यामागून वॉर्डातल्या आणखी दोघीजणी गेल्या. दार बंद झाल्याचा आवाज आला.

सोपान लहानेने तो आवाज ऐकला. त्याने मान वळवून पाहिलं. पांढऱ्या कपड्यातल्या तीन बाया काचेआड उभ्या होत्या. तो धावत गेला, काचेवर लाथ मारली, शिव्या दिल्या. काच हलली नाही. मग तो परत आला. हाताच्या टप्प्यात आता एकच सिस्टर होती, आणि तिची त्याच्याकडे पाठ होती.

त्याने तिला काय झालं ते विचारलं. ती मोजत होती. त्याने डॉक्टर कुठं गेला ते विचारलं. तो उभा होता तिच्या डाव्या बाजूला. तिला शब्द नीट कळले नाहीत आणि कळले असते तरी तिने मोजणं सोडलं नसतं. त्याने खांदा धरून तिला ओढलं. तिने पाय रोवले. तेव्हा त्याने सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला.

पहिला फटका पाठीत बसला. दुसरा तिने डावा हात वर करून अडवला, आणि त्या हाताचं हाड मोडल्याचं तिला फटका बसतानाच कळलं. डावा हात खाली लोंबला. उजव्या हाताने ती फुगा दाबत राहिली. खाटेभोवती पाच-सहा माणसं जमली होती. दोघांचे मोबाइल वर होते. मुलीची आई, मीरा, पदराचा बोळा तोंडात धरून खाटेच्या पायथ्याशी उभी होती. काचेआड अल्फिया दाराची मूठ ओढत होती. तिचं तोंड उघडत-मिटत होतं, आवाज येत नव्हता.

चौथ्या फटक्यानंतर डॉक्टर व्हेंटिलेटर ढकलत आत आले, त्यांच्याबरोबरच्या दोघांनी सोपानला धरलं. नळी यंत्राला जोडेपर्यंत संघमित्राने फुगा सोडला नाही. मग ती खाली बसली.

मुलगी वाचली. सहाव्या दिवशी तिने डोळे उघडले, अकराव्या दिवशी ती घरी गेली.

चौकशी तिसऱ्या आठवड्यात झाली. संघमित्रा हात प्लास्टरमध्ये घेऊन गेली होती. तिला वाटलं होतं, चौकशी सोपान लहानेची आहे. समितीसमोर यंत्राची नोंद ठेवलेली होती: अकरा वाजून अठरा मिनिटांनी सूचना, पहिला फटका एकशे दहा सेकंदांनी. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. कर्मचारी खाटेपासून हलली नाही. परिपत्रकाखाली तिची सही होती. त्यामुळे रुग्णालयाने पोलिसांत तक्रार करण्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि उपचाराची रजा ही हक्काची रजा धरता येत नाही.

"मी हलले असते तर मुलगी मेली असती, सर," ती म्हणाली.

डॉ. सरनाईक शांतपणे बोलले. "तसं झालं असतं तर तेही आम्ही पाहिलं असतं. पण प्रत्येकीने आपापला निर्णय घ्यायचा म्हटलं, तर यंत्राला अर्थ काय राहिला? उद्या दुसरी कुणी थांबेल आणि मरेल. तिच्या घरी काय सांगू मी?"

हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता हे तिला कळलं, आणि म्हणूनच तिला त्यांचा जास्त राग आला.

मग अल्फियाला बोलावलं. तुम्ही यांना चला म्हणालात का, असं विचारल्यावर ती हो म्हणाली. त्या आल्या नाहीत का? नाही आल्या. तेवढंच लिहून घेतलं. दार उघडायचा प्रयत्न केला का, हे तिला कुणी विचारलं नाही, आणि तिने आपण होऊन सांगितलं नाही. बाहेर व्हरांड्यात तिने संघमित्राला हाक मारली. संघमित्राने श्रवणयंत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि ती चालत राहिली.

तिची बदली लाँड्रीच्या कोठारात झाली. धुतलेल्या चादरी मोजून वॉर्डात पाठवायच्या. ज्या बायकांसाठी ती मंत्रालयात गेली होती, त्या आता जेवताना तिच्या टेबलावर बसेनात. ताईंनी यंत्राला नावं ठेवली तर ते काढतील, आणि रक्षक तर आधीच गेलेत, मग आपण काय करायचं, असं त्या आपसात बोलत. त्यात चूक काही नव्हती. तिने एकटीने जाऊन पोलिसांत तक्रार दिली. हवालदाराने तुमच्या ऑफिसचं पत्र कुठंय म्हणून तीन वेळा परत पाठवलं. चौथ्या वेळी तो कंटाळला आणि त्याने लिहून घेतलं.

खटला उभा राहणार हे कळल्यावर सोपान लहाने कोठारात आला. दारातच उभा राहिला. जामिनावर होता. तिने चादरींच्या ढिगाआडून पाहिलं आणि तिचा बरा झालेला हात आपोआप छातीशी आला.

तक्रार मागं घ्या असं म्हणायला तो आला असणार, हे तिला माहीत होतं. तो तसं म्हणालाही. घरात कमावणारा तो एकटा, पोरीचा आवाज अजून बसलेला, असं बरंच सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुमची मुलगी वाचवणं माझं काम होतं. मार खाणं नव्हतं."

तो खाली पाहू लागला. मग म्हणाला, "पोरीला समदं ऐकू येत होतं, बाई."

तिला ते ठाऊक होतं. मण्यारीचं विष शरीर बंद पाडतं, जाणीव नाही. मुलगी डोळे मिटून, बोटही न हलवता, सगळं ऐकत पडली होती. पण बापाला हे पोरीने घरी आल्यावर सांगितलं होतं. सिस्टर मोजत होत्या, बाबा. तुम्ही मारत होता तरी मोजत होत्या. एकदाच त्यांचा आकडा चुकला. त्या दिवसापासून पोरगी त्याच्याजवळ झोपत नव्हती.

"मला वाटलं, समद्या पळाल्या," तो म्हणाला. "दार लागलं ना, मला वाटलं पोरगी गेली, म्हणून पळाल्या. दार लागंस्तोवर माझ्या मनात मारायचं काही नव्हतं."

संघमित्राच्या हातातली चादर तशीच राहिली. वर्षभर ती जे कागदांत शोधत होती, ते या माणसाने दारात उभं राहून सांगितलं होतं. यंत्राने त्याची भीती हुंगली, बायांना पळवलं, आणि त्या पळाल्या म्हणून भीतीचा राग झाला. यंत्राने वर्तवलेला हल्ला यंत्रानेच घडवून आणला होता.

"हेच कोर्टात सांगा," ती म्हणाली. "दार लागलेलं पाहिलं तेही सांगा, आणि मला मारलंत तेही सांगा. अर्धं सांगू नका."

"मग तुम्ही तक्रार मागं घ्याल?"

"नाही."

तो निघून गेला. जाताना त्याने दारावर जोरात हात आपटला, आणि ती दचकली. पुढचा अर्धा तास तिला चादरी मोजता आल्या नाहीत.

आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्यांसाठी त्या वर्षी नेमलेल्या विशेष न्यायालयात सात महिन्यांनी खटला उभा राहिला. सोपान लहानेच्या वकिलाने त्याला गुन्हा नाकारायला सांगितलं होतं. कठड्यात उभं राहिल्यावर त्याने तो कबूल केला, आणि मग दाराचं सांगितलं. न्यायाधीशबाईंनी त्याला तेवढं दोनदा सांगायला लावलं. त्यांनी रुग्णालयाकडून यंत्र बसल्यापासूनच्या सगळ्या नोंदी मागवल्या. दोनशे बारा वेळा खाटा सोडल्या गेल्या होत्या. त्यातले नऊ पेशंट, नर्सेस काचेआड असताना वारले होते. अल्फियाला पुन्हा बोलावलं गेलं; या वेळी तिला दाराबद्दल विचारलं, आणि मूठ चार वेळा ओढली तरी हलली नाही, हे सांगताना तिला पाणी द्यावं लागलं.

परिपत्रक रद्द झालं. काचेच्या खोलीचं दार आतून उघडता येईल असं करण्याचा आणि वॉर्डात माणसं, खरी माणसं, रक्षक म्हणून ठेवण्याचा आदेश निघाला. संघमित्राची वॉर्डात परत बदली झाली. आणि सोपान लहानेला एक वर्षाची कैद झाली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर मीरा लहाने तिच्यासमोर येऊन उभी राहिली. सोबत वेदिका होती, शाळेच्या गणवेशात. मीराचे डोळे कोरडे होते.

"माझी पोर तुम्ही वाचवली," ती म्हणाली, "आणि तिचा बाप तुम्हीच आत धाडला. म्या तुम्हाला आता काय म्हनू, ते तरी सांगा."

लोक पाहू लागले. संघमित्राला वाटलं होतं, या बाईचं तिला वाईट वाटेल. वाटलंही. पण त्याखाली दुसरं काहीतरी इतके महिने पडून होतं, आणि तेच वर आलं.

"काही म्हणू नका," ती म्हणाली. "तुम्ही खाटेपाशीच उभ्या होतात. पुढच्या वेळी कुणाचा हात उठला तर तो धरा."

मीराने मुलीचं मनगट पकडलं आणि ती पायऱ्या उतरू लागली. वेदिका ओढली जात होती आणि मान वळवून मागे पाहत होती. रस्त्यापलीकडे जाईपर्यंत ती तशीच पाहत राहिली, हसली नाही, हातही हलवला नाही.

संघमित्राची दोन वाजताची ड्युटी होती. तिने रिक्षाला हात केला.